नातेवाईकाचा रकाना

सोलापूर, १२ जून

उत्कर्षा,

बजामावशी म्हणाली, "फोन करू नका म्हणती पोरगी, लिहायचं असलं तर लिहा म्हणती." म्हणून लिहितोय. चार वर्षांत बापानं एक ओळ खरडली न्हाय आणि आता हे जाड पाकीट. तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. वाचून फाडलंस तरी चालंल, पण आधी वाच.

काम हाय म्हणून लिहितोय. माझं न्हाय, वीरभद्रप्पाचं. आपल्या शेजारचा, दुधनीचा, तुझ्या डब्यात शेंगाची चटणी भरून द्यायचा तो. त्याला तीन महिने झाले, झोप न्हाय. घास घशाखाली उतरत न्हाय. टीव्ही लावतो आणि आवाज बंद करून बघत बसतो. परवा गॅसवर दूध ठेवलं आणि तितंच उभा राहिला. दूध वर आलं, उतू गेलं, गॅस विझला, हा बघतोय. हात म्हणून हलवला न्हाय. घरात हटकायला कोण न्हाय, त्यामुळं असं चालतंय. शेजारचे माग चालू असतात तोवर त्याला बरं वाटतं. माग थांबले की घर लई मोठं होतंय म्हणतो.

आता त्याला दाखवायचं कुणाला? मी चौकशीला निघालो. स्टेशनपासनं सात रस्त्यापर्यंत चालत गेलो, पाट्या वाचत. एका पाटीवर मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या पाटीवर मानसोपचार व समुपदेशन. तिसऱ्यावर सायकॉलॉजिस्ट. चौथ्यावर माइंड कोच, आणि खाली बारीक अक्षरात वास्तू व दहावी-बारावी मार्गदर्शन. हे सगळे एकच का वेगवेगळे? एकाची डिग्री एवढी लांब की दोन ओळींत लिहिलीय, दुसऱ्याच्या पाटीवर डिग्री न्हायच, नुसता हसरा फोटो. माणसानं जायचं कुटं?

आमच्या जनावरांच्या खात्यात बरं होतं. दवाखाना एक, साहेब एक. बैल बांधा, साहेब येतील.

मावशी बोलता बोलता बोलून गेली की तू तितं नाशकात दर आठवड्याला कुणाकडंतरी जातीस. कोण ते बोलली न्हाय, मीपण विचारलं न्हाय. म्हणून म्हणलं, तू यातली माहितगार. खरा डॉक्टर कुटला ते दोन ओळींत कळव. वीरभद्रप्पासाठी.

घर ठीक हाय. दुधाच्या पिशव्या अजून दोन येतात. दूधवाल्याला एक कर म्हणायचं रोज राहून जातंय.

आप्पा


सोलापूर, ५ जुलै

उत्कर्षा,

आधी एक खोटं मागं घेतो. वीरभद्रप्पाला काय झालेलं न्हाय. ठणठणीत हाय. त्याच्या घरात आठ माणसं, नातवंडं दिवसभर त्याच्या धोतराला लोंबकळतात. त्याच्या घरात हटकायला कोण न्हाय असं मी लिहिलं तेव्हाच तुला कळलं असणार. तू लहानपणापासनं माझं खोटं पकडायचीस आणि बोलायची न्हाईस.

मलाही उघडं पाडलं ते त्यानंच. पत्र टाकायला त्याच्याकडं दिलं होतं. पाकिटाचा डिंक नीट चिकटला न्हाय म्हणतो, मला तर वाटतं त्यानंच उघडलं. फाटकात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "एनप्पा शहाजी! मला येडा ठरवलास व्हय रे!" मला कुटं तोंड लपवू असं झालं. मग आत आला, बसला, आणि हळू आवाजात म्हणाला, "ऊटा आतेन?" जेवलास का म्हणून. म्हणलं, जेवलो की. उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरचं झाकण काढून बघितलं. आत काय नव्हतं. झाकण परत ठेवलं आणि गेला. दुसऱ्या दिवसापासनं त्याच्या घरनं डबा येतोय. पाकीट त्यानंच परत चिकटवून टाकलं, त्यामुळं तुला मिळालं असंल.

तर झोप न्हाय ती मला. दूध बघत उभा राहिलो तो मी.

तुझं उत्तर आलं न्हाय. मी वाट बघितली असंही न्हाय. म्हणजे बघितली. मग माझ्या अकलेनं गेलो, आणि गेलो कुटं, तर त्या हसऱ्या फोटोकडं. एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर, एसी, भिंतीवर धबधब्याचं चित्र. मी आपलं नमस्कार साहेब म्हणलो, तर म्हणतो, "मला डॉक्टर म्हणा." डोळे मिटायला लावले. छातीत उजेड दिसतो का विचारलं. न्हाय म्हणलं. मग बोलला, "तुमच्या मनात वडिलांविषयी राग साठलाय." माझा बाप जाऊन तीस वर्षं झाली, आणि त्या माणसानं आयुष्यात माझ्यावर कधी आवाज चढवला न्हाय. मी डोळे उघडून विचारलं, "तुमचं शिक्षण कुटलं?" म्हणाला, "अनुभवाचं." पुण्याला चार दिवसांचं शिबीर केलंय म्हणे. दहा भेटींचं एकदम ठरवू या म्हणाला. मी चप्पल घातली.

जिन्यात बसलो आणि मला लई हसू आलं. चार दिवसांचं शिबीर आणि डॉक्टर! मग हसू थांबलं. कारण तसला डॉक्टर मी तीस वर्षं होतो.

वैरागकडं नोकरीला होतो तितं सगळे मला डॉक्टर म्हणायचे. तू शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय डॉक्टर लिहिलास, आणि मी बघून सही केली, खोडलं न्हाय. मी व्रणोपचारक होतो. जखम धुवायची, पट्टी बांधायची, खूर कापायचं, साहेब इंजेक्शन देतील तेव्हा जनावर धरायचं. साहेब खरे डॉक्टर, त्यांच्या खाली पर्यवेक्षक, त्याच्या खाली मी. साहेब फिरतीवर असले की गडी म्हैस घेऊन यायचे, "डॉक्टर, बघा की जरा." मी बघायचो. चार जनावरं बरी झाली आणि ते नाव अंगाला चिकटलं. गोड लागलं मला ते, कशाला खोटं बोलू. मग घरातपण डॉक्टर मीच. आईच्या गुडघ्याला मी, तुझ्या तापाला मी. दुसरा कोण कशाला पाहिजे, घरचाच डॉक्टर हाय की.

पुढचं आज लिहीत न्हाय. हात दुखतोय. हात दुखत न्हाय, पण आज न्हाय लिहीत.

आप्पा


सोलापूर, २६ जुलै

उत्कर्षा,

वीरभद्रप्पानं मला दंडाला धरून सिव्हिलला नेलं. मानसोपचार विभाग म्हणतात. मला वाटलं तितं केस उपटणारी, साखळीनं बांधलेली माणसं असतील. बाकावर कोण बसलं होतं सांगू? आपल्या गल्लीतली चादरीच्या कारखान्यातली एक बाई, एक एसटीचा ड्रायव्हर, नवऱ्याबरोबर आलेली एक तरणी पोरगी, आणि मी. सगळे खाली बघत होते. मीपण फरशी बघितली. वीरभद्रप्पा तेवढा सगळ्यांना गाव विचारत बसला.

आत डॉक्टर इंद्रजीत म्हणून, पस्तीस-चाळिशीचे. मी खुर्चीवर बसलो आणि सवयीनं सुरू झालो. "पेशंट नर, वय एकसष्ट. खाणं निम्म्यावर. पाणी पितो. झोप न्हाय. कळपात मिसळत न्हाय. ताप न्हाय."

ते लिहिता लिहिता थांबले. "पेशंट बाहेर बसलेत का?"

"न्हाय, हितंच हाय."

"मग तुम्ही त्यांचे कोण?"

"मीच तो."

हसले न्हाईत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आता हेच परत सांगा काका. 'मला' असं म्हणून सांगा." उत्कर्षा, तोंडातनं निघेना. मला झोप लागत नाही, एवढंच की. ते म्हणायला मला एवढा वेळ लागला की बाहेरची लाईन कुरकुर करायला लागली आणि सिस्टर दोनदा डोकावून गेल्या. आमच्याकडं जनावर बोलत न्हाय, मालक बोलतो. तीस वर्षं मी मालकाकडनं ऐकून चिठ्ठी लिहिली. पेशंटनं स्वतः बोलायचं हे मला माहीतच न्हाय.

त्यांनी सरळ विचारलं, "जगणं नको वाटतं का कधी?" खोकला हाय का विचारावं तसं. मी म्हणलो, नको असं न्हाय, पण कशाला हवं तेपण आठवत न्हाय. त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मला बरं वाटलं. कुणीतरी लिहून घेतलं म्हणून.

आता पहिल्या पत्रात तुला विचारलं होतं त्याचं उत्तर माझं मलाच मिळालंय. तुला सगळं माहीत असंल, तरी लिहितो, म्हणजे मला नीट समजलं का ते तू बघ.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे इंद्रजीत डॉक्टर. आधी सगळ्या डॉक्टरांसारखं एमबीबीएस, मग या विषयातलं वरचं शिक्षण. गोळी लिहिणार ते. गोळीला गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, मधेच सोडायची न्हाय, असं तीनदा बजावलं. मी म्हणलो, एक ताकदीचं इंजेक्शन देऊन टाका की. म्हणाले, "काका, गोळीनं झोप येईल, भूक लागेल. तुमचं घर रिकामं आहे ते गोळीला कळत नाही. त्यासाठी प्रियंका मॅडमकडं बसा."

प्रियंका मॅडम सायकॉलॉजिस्ट. मी त्यांनापण डॉक्टर म्हणलो आणि इंजेक्शन मागितलं. त्या म्हणाल्या, "मी औषध देत नाही." मला राग आला. औषध देत न्हाय मग हितं बसून करता काय? "तुमच्याशी बोलते. पाऊण तास." म्हणलं, बोलायला वीरभद्रप्पा हाय की. त्या म्हणाल्या, "त्यांना तुम्ही सगळं सांगता?" त्यांनी दीडशेक प्रश्नांचा कागद दिला, माझी उत्तरं तपासली, आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. त्यांचं शिक्षण विचारलं मी, आता विचारायला शिकलोय. राग न मानता सांगितलं. मानसशास्त्रातलं वरचं शिक्षण, दवाखान्यात दोन वर्षं काम करून घेतलेली पदवी, वर सरकारी परिषदेची नोंदणी, नंबरसुद्धा दाखवला. समुपदेशक आणखी वेगळे म्हणाल्या, ते शाळा-कॉलेजात, कोर्टात बसतात, अडलेल्याला बोलून वाट काढायला मदत करतात. चांगले शिकलेले असतात, आणि न शिकता पाटी लावलेलेपण असतात, म्हणून विचारायचं. धबधब्यावाल्याचं सांगितलं तर त्या हसल्या.

तिसरी सोनम मॅडम. समाजसेविका, पण याच विभागातल्या. तिचं काम घर बघायचं. पेशंट गेल्यावर त्याला सांभाळतं कोण, खातो काय, गोळ्या घेतो का. वयानं तुझ्याएवढी असंल. काका काका करती.

तिच्या कागदावर एक रकाना होता. जवळचा नातेवाईक: नाव, नातं, फोन. मी वीरभद्रप्पाचं नाव सांगितलं. नातं विचारलं. शेजारी म्हणलं. तिनं ते खालच्या ओळीत लिहिलं आणि रकाना तसाच ठेवला. "घरातलं कुणीतरी हवं काका. तुम्ही आला नाहीत, फोन उचलला नाहीत, तर आम्ही कुणाला विचारायचं?"

मी म्हणलो, राहू दे रिकामा.

तुझं नाव घेतलं न्हाय मी. घेतलं असतं तरी पुढं लिहायला नंबर कुटं हाय माझ्याकडं. तू जीवाला लावून घेऊ नको. मी मागत न्हाय. कागदावरचा एक रकाना रिकामा राहिला म्हणून सांगतोय, बाकी काय न्हाय.

आप्पा


सोलापूर, २१ ऑगस्ट

उत्कर्षा,

झोप लागायला लागली. पाच तास. वांग्याची भाजी परवा चवीला लागली. गुण हाय गोळीचा, मानलं.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

सोनम घरी येऊन गेली. गोळ्या कुटं ठेवता, जेवता कुटं, झोपता कुटं, सगळं बघितलं. फ्रीजमधलं दूध बघून हसली, चार पिशव्या साठल्या होत्या. मग मागच्या खोलीपाशी गेली. दारावर हात ठेवून म्हणाली, "काका, ही कडी बाहेरून का?"

मी म्हणलो, मांजर येतं.

तिनं कडी वर-खाली करून बघितली. परत विचारलं न्हाय. चहा प्याली आणि गेली. ती गेल्यावर मी त्या दारासमोर खुर्ची टाकून बसलो तो माग थांबेपर्यंत बसलो.

पुढच्या भेटीत मी प्रियंका मॅडमना सांगितलं. पाऊण तास म्हणाल्या होत्या, त्या दिवशी सव्वा तास बसल्या. मी म्हणलो, पोरीला पत्र लिहितो दर महिन्याला, त्यात सगळं लिहितो, एवढंच येत न्हाय. त्या म्हणाल्या, "लिहा. कारणं न देता लिहा. आणि तिच्याकडून काही मिळेल म्हणून लिहू नका." फाडलेल्या तीन पत्रांत नुसती कारणं होती. आता लिहितो.

तू बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. दिवाळीनंतर कॉलेजला जायची बंद झालीस. अंघोळ बंद, केस विंचरणं बंद. भिंतीकडं तोंड करून पडायचीस आणि आवाज न करता रडायचीस. आई म्हणाली, हितंच गावात मोठे डॉक्टर हायत, दाखवू. मी म्हणलो, मी काय मेलोय? थोरल्या घरचं लग्न तोंडावर आलं होतं, घरात पाहुणे उतरणार होते.

तुझ्या पणज्याच्या कळपात मेंढरू मान टाकून बसलं की पहिलं काम एकच, जाळीबाहेर वेगळं बांधायचं. आमच्या दवाखान्यातपण तेच. कुटला रोग ते मागनं बघू, आधी वेगळं करा. मी तुला वेगळं केलं. मागच्या खोलीत. एकवीस दिवस. साथीच्या जनावराला आमी तेवढे दिवस ठेवायचो, म्हणून एकवीस. बाजारातनं कडी आणली आणि माझ्या हातानं बाहेरनं बसवली. लोकांना कावीळ सांगितली.

ताट आई आत सरकवायची. तिला आत बसू दिलं न्हाय मी. एकदा ती दाराला टेकून तुझ्याशी बोलत बसली होती, तर तिला हाताला धरून उठवलं.

रोज संध्याकाळी मी दाराशी यायचो आणि आईला विचारायचो, "खाल्लं का हिनं? काय होतंय म्हणती?" अकरावा का बारावा दिवस असंल. तू आतनं म्हणालीस, "आईला काय विचारता आप्पा, मला विचारा की."

मी ऐकलं होतं. इतकी वर्षं मी म्हणत आलो की ऐकू आलं न्हाय. स्पष्ट ऐकलं. ऐकून चहा प्यायला गेलो.

बाविसाव्या दिवशी कडी काढली. तू बाहेर आलीस, अंघोळ केलीस, माझ्याकडं बघितलं न्हाईस. मी आईला म्हणलो, "बघ, झाली का न्हाय बरी!" गल्लीत चार जणांना सांगितलं. आठ दिवसांनी तू मावशीकडं गेलीस ती गेलीस. आई गेली त्या दिवशी आलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. दारात मी उभा होतो, तू माझ्या बाजूनं निघून गेलीस. तेव्हा मला राग आला होता. आई मेली तरी पोरगी बापाशी बोलत न्हाय म्हणून मी भावकीत तुझी बदनामी केली. तेपण लिहून ठेवतो.

मी इंद्रजीत डॉक्टरांना विचारलं, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतो का? म्हणाले, "नाही. माणूस एकटा ठेवला तर वाढतो मात्र." मी खाली बघून मान हलवली. ते माझ्याविषयी बोलत होते, त्यांना वाटलं मला कळलं. मला तुझं कळलं.

आई शेवटच्या आजारात एकदा म्हणाली होती, "पोरीची माफी मागा." मी म्हणलो, बापानं कसली माफी मागायची. आता मागतो. तुझी मागतो, आणि तिचीपण, तिच्या फोटोपुढं उभा राहून मागितली. तू दिली न्हाईस तरी मी काय म्हणणार न्हाय. म्हणायचा अधिकार मला न्हाय.

उत्तर पाठवू नको. म्हणजे, पाठवायलाच पाहिजे असं समजू नको.

आप्पा


सोलापूर, १६ सप्टेंबर

उत्कर्षा,

तुझं कार्ड मिळालं. वीरभद्रप्पानं आणून दिलं. पोस्टमन त्याच्या ओट्यावर बसला होता, त्यानं तितनंच हिसकावून घेतलं. उघडं कार्ड, त्यामुळं त्यानं वाचलेलं होतंच. यावेळी ओरडला न्हाय. कार्ड माझ्या हातात ठेवलं आणि फाटकाकडं तोंड करून उभा राहिला, मला वाचायला मोकळीक म्हणून. मी चष्मा शोधत होतो, तो डोळ्यावरच होता.

एक नंबर, आणि खाली दोन वाक्यं. "हा नंबर रकान्यात लिहा. फोन करू नका."

तुझं अक्षर बदललंय. पूर्वी गोल काढायचीस, आता उभं काढतीस.

दुसऱ्याच दिवशी सिव्हिलला गेलो. माझी तारीख नव्हती तरी गेलो. सोनम दुसऱ्या पेशंटबरोबर होती, बसलो बाकावर. ती आली तर म्हणलं, माझा कागद काढ, रकाना भरायचाय. तिनं कपाटातनं फाईल काढली. नाव विचारलं, सांगितलं. नातं विचारलं. "मुलगी." मावशीशी बोलताना मी तुला ती म्हणतो, वीरभद्रप्पाशी बोलताना पोरगी म्हणतो. कुणी विचारलं आणि मी मुलगी असं उत्तर दिलं, असं आई गेल्यापासनं झालं नव्हतं. मी चष्मा काढून पुसत बसलो. सोनम वर न बघता लिहीत राहिली, चांगली हाय ती.

मग नंबर. मी कार्ड बघून सांगितला, दोनदा सांगितला. ती मोबाईल उचलून म्हणाली, "एकदा लावून बघते काका, बरोबर आहे ना ते."

म्हणलं, "नको."

"तपासावा लागतो हो. चुकीचा असला तर ऐनवेळी..."

"चुकीचा न्हाय. तिनं लिहिलाय. आणि फोन करू नका म्हणालीय."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मोबाईल खाली ठेवला. नंबरापुढं कंसात बारीक अक्षरात लिहिलं, फक्त अडचणीच्या वेळी. मी म्हणलो, अडचणपण मोठी असली तरच. ती म्हणाली, बरं काका.

तो नंबर मी माझ्या मोबाईलमध्ये घातला न्हाय. घातला तर बोट तिकडं जाईल. कार्ड फाईलमध्येच ठेवून आलो. पाठ झालाय तो, त्याला माझा इलाज न्हाय, पण लावणार न्हाय.

वीरभद्रप्पाचा पाना-स्क्रू ड्रायव्हर आणून मागची कडी काढली. चार भोकं राहिली. तो म्हणाला, भोकांत पुट्टी भरून रंग मारतो, कळणारपण न्हाय. मी म्हणलो, राहू दे, कळू दे. दार आता उघडं असतं. खोलीत काय ठेवायचं ते ठरलेलं न्हाय, सध्या मोकळीच हाय. दूधवाल्याला एक पिशवी कर म्हणून सांगितलं.

गोळी चालू हाय, मधे सोडली न्हाय. प्रियंका मॅडमकडं दर आठवड्याला जातो. आता "पेशंट" म्हणत न्हाय, "मी" म्हणतो. गल्लीत अजून कोण कोण डॉक्टर म्हणतं. त्यांना सांगतो, मी व्रणोपचारक होतो, जखमा धुवायचो. लोकांना वाटतं म्हातारा लाजतोय.

तुझ्याकडं तितं कोण हाय, सायकॉलॉजिस्ट का समुपदेशक का डॉक्टर, ते मी विचारत न्हाय. त्यांना माझा नमस्कार सांग, वाटलं तर. तुला त्या खोलीतनं बाहेर त्यांनी काढलं, मी फक्त कडी काढली होती.

एकच विचारायचं राहिलंय. त्या दाराशी उभं राहून विचारायला पाहिजे होतं, ते आज विचारतो. आईला न्हाय, मावशीला न्हाय. उत्तर एका ओळीत दे, दहा पानांत दे, पुढच्या वर्षी दे, देऊ नको. मी ऐकायला हितं बसलोय आणि यावेळी चहा प्यायला जाणार न्हाय.

उत्कर्षा, तुला काय होत होतं?

आप्पा